तारेवरकरांचा ताळेबंद

तारेवरकर हे त्यांचं खरं आडनाव नाही. खरं सांगायला हरकत नव्हती, पण माटुंगा रोड स्टेशनच्या पश्चिमेला, रुपारेल कॉलेज आणि यशवंत नाट्यमंदिर यांच्या आसपासच्या जुन्या इमारतींत असा एक गृहस्थ मजल्यागणिक सापडतो. एकाचं नाव छापलं की बाकीचे 'आमचं का नाही?' म्हणून रुसतील. शेवटी नटच ते.

दिवसा राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून, संध्याकाळी हौशी नट आणि रात्री, वेळ उरलाच तर, नवरा आणि बाप. तिन्ही भूमिकांची वेशभूषा एकच : फिक्या चौकडीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. भूमिका बदलली हे चेहऱ्यावरून ओळखायचं. बँकेत ते कलावंत असतात, तालमीत नोकरदार असतात आणि घरी दमलेले असतात.

वर्षातून एकदा, पाडव्याच्या आगेमागे, तारेवरकरांना ताळेबंद मांडायची हुक्की येते. मग ते मला घेऊन झेड ब्रिज ओलांडतात, पूर्वेला एखाद्या उडप्याकडे पितळी वाटी-पेल्यातली फिल्टर कॉफी मागवतात आणि ती दोन फूट उंचीवरून ओतत ओतत म्हणतात, "यंदा बॅलन्स जमला बरं का! कला, करिअर, फॅमिली. तिन्ही." थोडी कॉफी वाटीबाहेर सांडते. तिकडे ते बघत नाहीत.

हा ताळेबंद मुळात जुळणंच अवघड. बँकेचं वर्ष ३१ मार्चला संपतं. मुलीचं शाळेचं वर्ष संपतं एप्रिलात. नाटकाचं वर्ष दिवाळीचा फराळ संपला की सुरू होतं, कारण नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी उभी असते. पंचांगाचं वर्ष पाडव्याला बदलतं. आणि वहिनींचं वर्ष संपतच नाही. एवढी वर्षं एकाच माणसाच्या अंगावर असली की मार्चमध्ये काय होतं ते बघायला मिळतं. क्लोजिंगमुळे रात्री नऊपर्यंत बँक, मुलीचं बीजगणित, आणि चुकून नाटक अंतिम फेरीला गेलंच असेल तर त्याच्याही तालमी. प्राथमिक फेरीत आपला पहिला नंबर येऊ नये म्हणून देवाला साकडं घालणारा कलावंत जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. माटुंग्यात आहे.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली. तेव्हापासून ती कुणाच्या जिवावर चालली आहे याचं उत्तर सरकार देईल, संस्था देतील, नाट्यसमीक्षक देतील. माझं उत्तर सोपं आहे : किरकोळ रजेच्या. बँकवाल्याला वर्षाला बारा सीएल. त्यातल्या दोन गणपतीला, एक मुलीच्या वाढदिवसाला, एक सासूबाईंच्या मोतीबिंदूला. उरलेल्या सगळ्या नटेश्वराच्या चरणी. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली. हा निर्णय बँक कर्मचाऱ्यांसाठी होता असा सर्वसाधारण समज आहे. तारेवरकरांच्या मते मराठी हौशी रंगभूमीला मिळालेलं ते सर्वांत मोठं अनुदान. गंमत अशी, की ह्याच शनिवारी घरी पंखे पुसायचे असतात.

त्यांचा संघही तारेवरकरांचाच बनलेला. दिग्दर्शक बेस्टमध्ये, नायिका पोस्टात, प्रकाशयोजना करणारा रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये, नेपथ्यवाला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. तालमीची वेळ साडेसात. साडेसातला हॉलची किल्ली येते. आठला पंखा सुरू होतो. सव्वाआठला निम्मे लोक येतात आणि चहा सांगतात. डोंबिवलीकर नऊ चाळीसला घड्याळ बघू लागतात, विरारकर त्याच्या आधीच. उरलेल्या तासाभरात, जे आलेले नाहीत त्यांची कामं जे आले आहेत ते प्रॉक्सी म्हणून करतात. मी एकदा गेलो होतो तेव्हा नायिकेची प्रॉक्सी प्रकाशयोजनावाला करत होता आणि तारेवरकर त्याच्याकडे बघून गहिवरत होते. सगळे नट एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते रंगीत तालमीला. दोन पात्रांचा तिथे परिचय करून द्यावा लागतो. नाटकात ती सख्खे भाऊ असतात.

तारेवरकरांची बॅग हा एक स्वतंत्र विषय आहे. काळी, रेक्झिनची, चेन अर्ध्यावर अडकणारी. आत डबा. डब्याखाली संहिता. संहितेच्या पानांमागे रद्द झालेल्या पैसे काढायच्या स्लिपांवर लिहिलेले मूव्हमेंटचे आराखडे. एका प्लास्टिकच्या डबीत स्पिरिट गम, दुसऱ्या तशाच डबीत मुलीला शाळेत लागणारा फेव्हिकॉल. ह्या दोन डब्यांची अदलाबदल झाल्यामुळे मागे एकदा मुलीच्या चार्टवरची सूर्यमाला दुपारपर्यंत गळून पडली आणि त्याच रात्री तारेवरकरांची मिशी प्रयोग संपल्यावरही निघेना. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा नाटकाचं नेपथ्य आणि शाळेचे प्रकल्प ही दोन्ही खाती एकाच दिवशी अडचणीत आली. तोवर दोहोंसाठी एकाच दुकानातून एकाच पावतीवर माल येत असे. वहिनींना ती पावती 'मुलीच्या शिक्षणाचा खर्च' म्हणून दाखवली जाई.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काउंटरवर बघावं. मेकअप खोबरेल तेलाने कितीही पुसला तरी डोळ्यांतलं काजळ जात नाही. पेन्शनवाले आजोबा पासबुक सरकवता सरकवता हात मागे घेतात. "डोळे आलेत का हो? मग कशाला आलात कामावर?" तारेवरकर खिन्न हसतात. कलावंताची ही उपेक्षा त्यांना मनापासून आवडते. मॅनेजरसाहेब बिहारचे. त्यांना 'ड्रामा' हा शब्द कळतो, पण तो ते रजेच्या अर्जाला उद्देशून वापरतात.

बढतीचं मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. ऑफिसर झालं की बदली, हा बँकेतला नियम पोरासोरांनाही ठाऊक असतो. तारेवरकरांनी परीक्षेचा फॉर्म कधी भरला नाही. ही एकच गोष्ट. पण तालमीत ती 'कलेसाठी मी करिअरवर पाणी सोडलं' अशी जमा होते, घरी 'पोरीची शाळा बदलायला नको म्हणून' अशी, आणि बँकेत 'आईची तब्येत बरी नसते' अशी. दुहेरी नोंद पद्धत सगळ्या बँकांत चालते. तिहेरी नोंद तारेवरकरांनी शोधून काढली. परीक्षेचा अभ्यास करायचा कंटाळा, ही चौथी नोंद कुठल्याच वहीत नाही.

१९६९ हे साल त्यांच्या बोलण्यात वारंवार येतं. त्या साली जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्याच साली डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. नोकरी पक्की झाल्याचं आणि धंदा सोडल्याचं, अशी दोन्ही उदाहरणं एकाच सालात मिळाल्यामुळे तारेवरकरांची फार सोय झाली आहे. मॅनेजरशी वाजलं की ते लागूंबद्दल बोलतात. घराचा हप्ता जवळ आला की राष्ट्रीयीकरणाबद्दल. रत्नाकर मतकरी बँक ऑफ इंडियात, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, अशोक सराफ स्टेट बँकेत : ही यादी ते जपमाळेसारखी ओढतात आणि मग सूचकपणे थांबतात. ह्या तिघांनी पुढे बँक सोडली, मतकरींनी तर १९७८ साली नुसत्या लेखणीवर जगायचं ठरवून सोडली, हा यादीचा उत्तरार्ध सहसा येत नाही. एकदा वहिनींनीच तो सांगितला. म्हणाल्या, "मतकरी बँकेतून घरी येऊन लिहायचे. तू बँकेतून घरी येऊन मतकरी बँकेत होते एवढं सांगतोस."

वहिनी विमा कंपनीत आहेत. हे वाक्य मी मुद्दाम इतक्या उशिरा लिहिलं, कारण तारेवरकरांच्या ताळेबंदातही ते तळटीपेतच असतं. दोघं कॉलेजात एका एकांकिकेत भेटली. नायक तो नव्हता. नायिका मात्र तीच होती. पुढे लग्न, मुलगी, सासूबाई, चर्चगेटची आठ सव्वीस. तिचं नाटक सुटलं, त्याचं राहिलं. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

तरी नाटक तिला सोडत नाही. पाठांतर तिच्याच ओट्यापाशी चालतं. गेल्या ऑक्टोबरातली एक संध्याकाळ मी ऐकली आहे. वहिनी पोळ्या लाटताहेत, तारेवरकर फ्रिजला टेकून मरणासन्न वडिलांची वाक्यं म्हणताहेत, मुलगी हातात भूगोल धरून वकिलाची प्रॉक्सी करते आहे. कुकरची तिसरी शिट्टी हा वकिलाच्या एन्ट्रीचा क्यू.

"ह्या घराच्या भिंतींनी माझा श्वास ऐकलाय, मालती!"

"'मोजलाय'," वहिनी म्हणाल्या. "ऐकलाय नाही. आणि सरक जरा, लोणी काढू दे."

"मोजलाय, मालती! पुढे मालती काय म्हणते गं?"

"मालती म्हणते, दूध बघ."

"हे संहितेत कुठे आहे?"

"संहितेत नाही. गॅसवर आहे."

तोवर ते उतू गेलं होतं. मुलीने भूगोलातून मान वर न काढता "बाबा, तुमची मूव्ह चुकली" असं सांगितलं आणि फडकं पुढे केलं.

नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तारेवरकरांच्या सबबींना घरचं मंडळ आहे. ते जास्त कडक, आणि काटछाटही जास्त करतं. 'आज रंगीत तालीम आहे' हे संमत. 'आज नुसतीच भेट आहे, पण सगळे येणारेत' हे पूर्ण वगळावे. 'दिग्दर्शकाला माझ्याशी पात्राबद्दल बोलायचंय' ह्यातलं पात्र कोण, हे स्पष्ट करावे.

त्यांच्या शेजारच्या काउंटरवर एक मामी बसतात. राहायला पूर्वेला, आस्तिक समाजाच्या देवळाजवळ. पहाटे उठून गाण्याचा रियाज, दारापुढे कोलम, इडलीचं पीठ, सासऱ्यांची औषधं आणि दहाच्या ठोक्याला कॅश उघडलेली. दर डिसेंबरात चेन्नईचा मार्गळीतला संगीत मोसम ऐकायला जातात. रजेचा अर्ज एप्रिलात दिलेला असतो. त्यांच्या दोन शिष्या षण्मुखानंदात गायल्या, हे शाखेला वर्तमानपत्रातून कळलं. तारेवरकरांनी त्यांना एकदा फार कळवळून विचारलं, की मामी, तुम्ही हा बॅलन्स कसा साधता? मामी नोटा मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "बॅलन्स पासबुकात असतो हो." आणि पुढचं टोकन पुकारलं. तारेवरकरांनी हे उत्तर सगळ्यांना सांगितलं, पण 'साऊथच्या लोकांत शिस्त असते' असा त्याचा अर्थ लावून.

आता गेल्या वर्षीच्या यशाबद्दल. ते ऐकवल्याशिवाय तारेवरकर कॉफीचं बिल देत नाहीत.

प्राथमिक फेरी गिरगावात, साहित्य संघाच्या डॉ. भालेराव नाट्यगृहात. तारेवरकरांना मरणासन्न वडिलांचं काम मिळालं होतं ते अनुभवामुळे नव्हे, तर रजेमुळे. तालमींना सर्वांत कमी हजर राहणाऱ्याला खाटेवर झोपवलं की मूव्हमेंट बसवाव्या लागत नाहीत, हे दिग्दर्शकाचं शास्त्र. आदल्या रात्री नेपथ्याचा टेम्पो भरायला दोन वाजले होते. सकाळी बँकेत ऑडिट. दुपारी मुलीच्या शाळेत पालकसभा. तिला ते खरोखर गेले आणि पहिल्या बाकावर बसून जागे राहिले. संध्याकाळी पडदा उघडला. पहिल्या अंकात वडील अंगावर शाल घेऊन खाटेवर पडतात, बाजूला मुलं इस्टेटीवरून भांडतात. बरीच लांब भांडणं होती ती. कला, नोकरी आणि कुटुंब यांनी मिळून वर्षभर न दिलेली झोप तारेवरकरांना तिथे, दिव्यांच्या उजेडात, तीन परीक्षकांच्या समोर लागली.

त्यांच्या वाक्याची वेळ आली. "वकील आले का?" एवढंच वाक्य. ते येईना. मालतीने पदर सावरला, पुन्हा सावरला, पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे केला. धाकट्या भावाने दिग्दर्शकाच्या नकळत इस्टेटीतली दोन एकर जमीन वाढवली आणि भांडण लांबवलं. प्रेक्षकांना खाटेवरून घरघर ऐकू येत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. विंगेत प्रॉम्प्टिंगला वहिनी होत्या. त्यांनी "वकील... वकील..." असं तीनदा कुजबुजून बघितलं. मग संहिता मिटली आणि रोज सकाळी बाथरूमच्या दारावर थाप मारताना लागतो त्या आवाजात, पण खालच्या पट्टीत म्हणाल्या, "अरे, आठ सव्वीस!"

तारेवरकर ताडकन उठून बसले. डोळे फाटलेले, हात शर्टाच्या खिशापाशी पास चाचपतोय, चेहऱ्यावर आयुष्य हातातून निसटल्याची खरीखुरी भीती. समोर अंधार बघून क्षणभर थांबले आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "वकील... आले का?"

टाळ्या. अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र. नंतर मेकअपरूममध्ये कुणीतरी येऊन विचारलं, की ते दचकून उठणं कुठल्या पद्धतीने बसवलंत? तारेवरकर म्हणाले, "निरीक्षण." आज ते प्रमाणपत्र हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेलं आहे. त्यावर वहिनींचं नाव नाही. नसतंच ते; प्रॉम्प्टरला बक्षीस द्यायची सोय नियमांत नाही.

मी तारेवरकरांची एवढी थट्टा केली तरी त्यांच्याबद्दल माझं मत वाईट नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसायचं आहे हे माहीत असून रात्री दोनला नेपथ्याचे फ्लॅट वाहणारी माणसं नसती, तर मराठी रंगभूमीला दरवर्षी ताजा माल कुठून आला असता? व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत ज्यांची नावं जाड टाइपात येतात, त्यातली कितीतरी ह्याच खाटांवरून उठून गेलेली आहेत. बॅलन्स मात्र तारेवरकरांना कधी जमला नाही, आणि जमला असं त्यांनी म्हणू नये. तीन ठिकाणी उधारी करून कुणालाच बुडवलं नाही, एवढं त्यांचं कर्तृत्व. आणि तिन्ही उधाऱ्यांना जामीन एकच बाई.

यंदाच्या पाडव्याला आमची कॉफी निम्मी झाली होती, तेव्हा वहिनी बाजाराची पिशवी घेऊन तिथे आल्या. गजरा घ्यायला पूर्वेला आल्या होत्या. खुर्ची ओढून बसल्या आणि सहज सांगितलं, "पोस्टातल्या तिची बदली नाशिकला झाली. मालती मी करतेय."

तारेवरकरांचा पेला हवेतच राहिला. "तू? अगं, पण पाठांतर?"

"मला सगळ्यांचीच कामं पाठ आहेत. तुझंसुद्धा."

"आणि तालमी? साडेसातला? घर? आईची औषधं? पोरीची आठवी आहे यंदा!"

"तुला जमतो ना बॅलन्स," वहिनी म्हणाल्या. "मग झालं तर." आणि त्यांनी माझ्यासमोरची इडली उचलून खाल्ली.

तेच नाटक, नवा संच, कामगार कल्याणच्या स्पर्धेपासून सुरुवात. मरणासन्न वडील रेल्वे वर्कशॉपवाला करणार आहे. तारेवरकर विंगेत, प्रॉम्प्टिंगला. जूनपासून त्यांनी कुकर लावायला सुरुवात केली आहे, तिसऱ्या शिट्टीला अजून "वकील!" असं ओरडतात, पण भात शिजतो.

तेव्हा वाचकहो, हौशी नाटकांच्या स्पर्धा तुमच्याही गावात होतात. तिकीट वड्याच्या भावात असतं आणि मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. पुढच्या रांगा नातेवाइकांच्या. त्यांनी चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या तर समजून घ्या. मोबाइल बंद ठेवा. आणि कुणी वाक्य विसरून थांबलाच, तर हसू नका, त्या दिवशी ऑडिट असेल.